एक दिवसही बंद नाही

"तीनशे. तेही जुनी ओळख म्हणून," पंडित म्हणाला. गाडीकडे त्याने नीट पाहिलंसुद्धा नाही.

पाच वर्षांपूर्वी, एकतीस साली, तोताराम चौधरीने ही विलायती मोटारसायकल मुंबईहून हजार रुपयांना आणली, तेव्हा अख्ख्या जळगावात तशा दोन-तीनच होत्या. त्या वेळी तो आणि पंडित कापसाच्या दलालीत भागीदार होते. मग पंडित फुटला. जाताना निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला आणि यंदा त्याने चारचाकी मोटार घेतली.

"दरसाल हिची किंमत उतरतेय," पंडित उठता उठता म्हणाला. "आणखी दोन वर्षांनी भंगारवाला नेईल. त्यापेक्षा माझ्या पोरांना खेळायला होईल."

त्या दिवशी तोताराम जेवला नाही.

गाडी विकायची तर होतीच. कंबर धरायला लागली होती, धुळ्याच्या रस्त्यावरचे हादरे सोसत नव्हते. पण तिच्यातून जीव निघत नव्हता. रोज सकाळी तो स्वतः टाकी पुसायचा. बायको, धुरपदाबाई, म्हणायची, "इतक्या मायेनं कधी लेकरालाही आंघोळ घातली नाही तुम्ही."

"विकीन," तो तिला म्हणाला, "पण पंडितच्या नाकावर टिच्चून विकीन. दुप्पट घेईन आणि त्याच्यासमोर मोजून घेईन."

पुढच्याच रविवारी अभिमन आला. पारोळ्याकडचा, तिशीतला, सहा वर्षं मुंबईत मोटारींच्या कारखान्यात फिटर होता. आता गावी परतला होता आणि त्याला गाडी हवी होती. किंमत ऐकून तो दचकला नाही.

"गाडी झकास शे, भाऊ," एवढंच तो बोलला आणि उकिडवा बसून गाडी बघू लागला.

तासभर बघत होता. तोतारामला ते आवडलं. पंडितसारखा वरवर पाहणारा नव्हता हा. पुढच्या मडगार्डवर एके ठिकाणी पत्रा ठोकून सरळ केलेला होता. तिथे अभिमनचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला.

"हाई काय शे?"

"बकरी आडवी आली होती. रस्ता म्हटला की जनावर आडवं येतंच."

"येतंच," अभिमन म्हणाला.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी त्याने इंजिनापाशी डोकं घातलं आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या डबीवर बोट ठेवलं.

"हाऊ मॅग्नेटो उघाडेल दिखस, भाऊ. दुरुस्तीले मुंबईले धाडेल व्हता का?"

"छट्!"

"आणि गाडी मधी महिना दोन महिना उभी व्हती. उभी गाडी आतून गंजस. मंग अर्धाच रुपया."

तोतारामच्या मस्तकात तिडीक गेली. तीनशे! म्हणजे पंडितचाच आकडा!

"अरे, माझी गाडी आहे ही! घेतल्यापासून एक दिवस उभी नाही. आठवड्यातून दोनदा धुळं करत होतो. पोळा म्हण, पौष म्हण, दिवाळी म्हण, कधी थांबली नाही. आणि मॅग्नेटोला विलायतेतून आल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही!"

अभिमनने मान हलवली. "तुम्ही म्हंतस, पण माले मुंबईत लई लोकांनी फसाडेल शे. लिखी द्या. म्हणजे बठ्ठा, सहाशेच्या सहाशे रुपया देस."

"देतो की! साक्षीदारासकट देतो." तोतारामला एकदम हसू फुटलं. साक्षीदार कोण, ते त्याने मनात ठरवलंही होतं.

तिसऱ्या रविवारी त्याने मुद्दाम पंडितला बोलावणं पाठवलं. आळीतले आणखी चारजण ओट्यावर येऊन बसले. धुरपदाबाईने सगळ्यांना चहा दिला. अभिमनने सहाशे रुपये पुढे ठेवले. पंडितचा चेहरा पडलेला तोतारामने डोळे भरून पाहिला आणि मगच पावतीवर झोकात सही ठोकली. साक्षीदार म्हणून पंडितलाही करावी लागली.

"माले वाचता येत नही, शेठ," अभिमन पंडितला म्हणाला. "जरा मोठ्यानं वाचा ना."

"हो, मोठ्यानं वाच," तोताराम म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

पंडितने नाइलाजाने वाचलं. "सदर मोटारसायकल खरेदीच्या दिवसापासून आजतागायत माझ्याच ताब्यात असून, रोजच्या वापरात आहे. ती एक दिवसही बंद नव्हती. मॅग्नेटो मूळचाच असून कधी उघडलेला अगर दुरुस्तीस दिलेला नाही. सही, तोताराम चौधरी."

ओट्यावर कुणीतरी "वा!" म्हणालं. तोताराम मांडीवर थाप मारून हसला. पंडित फुटल्यापासून तो एवढं हसला नव्हता.

अभिमनने पावती घडी घालून आतल्या खिशात ठेवली. गाडीकडे तो गेलाच नाही. दुसऱ्या खिशातून त्याने सरकारी शिक्का मारलेला एक कागद काढला आणि पंडितच्या हातात दिला.

"आते हाऊ बी वाचा, शेठ."

पंडितने चष्मा सारखा केला. "जबानीची नक्कल. सन एकोणीसशे चौतीस. मी, तोताराम चौधरी, पोलिसांपुढे लिहून देतो की, एरंडोलच्या रस्त्यावर ताईबाई नावाची बाई मोटारसायकलखाली सापडून मेली, त्याच्याशी माझा संबंध नाही. मॅग्नेटो दुरुस्तीस मुंबईला पाठविल्याने माझी गाडी त्या वेळी दोन महिने बंदच..."

पंडित थांबला. तोताराम अजून हसतच होता, नुसत्या ओठांनी.

"ताईबाई मनी सख्खी बहीण व्हती," अभिमन म्हणाला.