आईला परवडणारं राज्य

“आईला गुजरातच परवडेल,” नाशिकचा रोहिदास सुरतेच्या धाकट्या भावाला म्हणाला. “तुमच्याकडे दूध स्वस्त. आमच्याकडे लाइटबिल बघूनच घाम फुटतो.”

“छे हो आप्पा, सुरतेत घरभाडंच मारतं. महाराष्ट्रात म्हाताऱ्यांना एसटीसुद्धा फुकट,” मुरलीधर म्हणाला.

एरवी दर दिवाळीला दोघं आपलंच राज्य स्वस्त म्हणून भांडायचे. यंदा गावी एकटी राहणारी आई पाय मोडून पडली होती.

“एवढ्या महागाईत कशाला राहता रे?” खाटेवरून आई म्हणाली. “बायकापोरांना घेऊन इथंच या. म्हशींचं शेण काढायला माणूस मिळत नाही.”

दोघांच्या बोलण्यात लगेच नाशिकचं लाइटबिल कमी झालं, सुरतेचं भाडंही उतरलं.

“मग दोन्हीकडे परवडतंय की,” आई म्हणाली. “होळीपर्यंत नाशिक, पुढे सुरत. रोहिदास, माझी गोधडी गाडीत ठेव.”