शेवटची धून

“काकांची ही पहिलीच रेकॉर्ड, काकू. सगळा ठेका मशिनवरचा. आम्ही डीजे हीच ऐकून शिकलो,” यांना शोधत आलेली ती मुलगी म्हणाली. “पण माझ्या कॅसेटवर शेवटची धून अर्ध्यात तुटते. घरात एखादी प्रत असेल ना?”

मी काळ्या वाडग्यातली लिंबं पदरात घेतली आणि वाडगा तिच्यापुढे धरला. तळाच्या लेबलवर यांचं नाव होतं. न खपलेल्या रेकॉर्डींचा गठ्ठा परत आला, तेव्हा हेच म्हणाले होते, “गरम पाण्यात वाकव, वाडगे तरी होतील.” मी एकही सपाट ठेवली नाही.

तिने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. “काकांना आठवते का ती धून?”

अर्धांगाच्या झटक्यात यांची वाचा गेली, पण समजतं सगळं. खुर्चीत बसल्या बसल्या यांनी वाडगा मांडीवर घेतला, त्यावर बोटांनी ठेका धरला आणि शीळ घालायला ओठ पुढे केले. वाकड्या ओठांतून नुसती हवा आली. तरी हे थांबले नाहीत. अख्खी धून, ठेका न चुकता, हवेतच संपली.

मग यांनी तिच्याकडे पाहिलं, मिळाली ना, असं विचारल्यासारखं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी पदरातली लिंबं धरून उभी होते.