कूलरच्या पत्र्याची पेटी

नळीतली हवा एकाएकी थांबली, आणि पाठोपाठ गोठ्याच्या दारावर लाथ बसली.

हिमांशूचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत होते. पेटी त्यानंच बांधलेली. जुन्या कूलरचा पत्रा, वर फोटोच्या फ्रेमची काच, सांधे बुजवायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि हात घालायच्या भोकांना ढोरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेले लांब हातमोजे. आत जबडा होता. केशोरी गावच्या जुन्या मालगुजारी तलावाचा गाळ काढताना निघालेला, हत्तीच्या जातीच्या कुठल्याशा जनावराचा, हाडाचा केव्हाच दगड झालेला. त्यावर चुनखडीचा थर चढून बसला होता. नळीतून भुकटीचा फवारा मारला की थर झडायचा आणि खालून काळेभोर दात वर यायचे. आता एकच दात उरला होता. सोमवारी नागपूरच्या संग्रहालयातले साहेब येणार होते. जबडा नीट साफ झाला तर हेच काम करायला तुम्हाला नेतो, असं ते कालच फोनवर म्हणाले होते. बी.एस्सी. होऊन सहा वर्षं हिमांशू ह्या एका वाक्याची वाट पाहत होता.

दुसऱ्या लाथेनं कडी उखडली.

दारात वीरेंद्र उभा होता, थोरला भाऊ. पुढच्या खोलीत त्याचं पंक्चरचं दुकान. तिथल्याच कंप्रेसरची नळी भिंतीला भोक पाडून पेटीत आणली होती. त्यानं आपल्या हातानं जोडून दिली होती, पंधरा दिवसांपूर्वी, हसत हसत. "घे बाबू, घास आपल्या हत्तीचे दात!" आज त्याच्या हातात लोखंडी सब्बल होती, आणि तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं. चोरासारखं.

"बाहेर निंग."

"भाऊ, एकच दात राहिला..."

वीरेंद्रनं त्याच्या केसांत मूठ घातली आणि ओढलं. हात मोज्यांतून सटकले, कोपर पत्र्यावर सोलून निघालं. गोठ्यापासून अंगणापर्यंत त्यानं त्याला फरफटत आणलं. हिमांशू उठला, तर मुस्काटात बसली. पुन्हा उठला, पुन्हा बसली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं.

"आत पाय टाकशीन तर तंगडी तोडीन!"

मनकर्णाबाई उपासाची भगर चुलीवर तशीच टाकून धावत आली. "काऊन मारून राहिला रे त्याले? सख्खा भाऊ होय ना तुहा!" ती गोठ्याच्या दारात आडवी झाली. वीरेंद्रनं आईलाही दंडाला धरून अंगणाच्या पार टोकाला ढकललं. त्या घरात आईच्या अंगाला असा हात कधी कुणी लावला नव्हता.

मग तो पाण्याचा भरलेला हंडा घेऊन आत शिरला. भुकटीच्या दोन्ही पोत्यांवर त्यानं तो उपडा केला. आधी हिमांशूनं खायचा सोडा वापरून पाहिला होता, पण थर हलेना. मग सडकेपलीकडच्या, दगड दळायच्या बंद पडलेल्या गिरणीमागून ही पांढरी भुकटी आणली, तेव्हा कुठं कामानं जोर धरला होता. तिचा आता नुसता चिखल झाला. वीरेंद्रनं पेटीतून जबडा उचलला, बाळंतिणीचं लेकरू उचलावं तसा, आणि बाहेरच्या खाटेवर आणून ठेवला. आणि सब्बल घेऊन पेटीवर तुटून पडला. काच फुटली, पत्रा चेपला, नळी तुटून वळवळत पडली.

कालच्या फोनपासूनच ह्याचं पोट दुखून राहिलं, हिमांशूच्या मनात आलं. जन्मभर ट्यूबा चिकटवणाऱ्याला धाकट्याची साहेबी कशी पाहवेल?

त्यानं भिंतीला टेकवलेलं मुसळ उचललं. वीरेंद्र दारातून बाहेर पडतो तोच ते त्याच्या पाठीत बसलं. वीरेंद्र वळला, तसं दुसरं छातीत.

"जळून राहिला तू! बाबा टीबीनं गेले, तू जळूनच मरशीन!"

वडील गेले तेव्हा हिमांशू चार वर्षांचा होता. त्यांच्याबद्दल त्याला एवढं एकच ठाऊक होतं.

तिसरा घाव बसायच्या आत वीरेंद्र खाली बसला. ट्रकचं चाक एकटा उचलणारा माणूस. त्याचे गुडघे दुमडले, दोन्ही हात जमिनीला टेकले. दुपट्टा गळ्यात आला. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. ओठ जांभळे पडत चालले होते.

"नाटकं करून राहिला," हिमांशू म्हणाला. मुसळ अजून वरच होतं.

"ठेव रे ते खाली!" मनकर्णाबाई किंचाळली.

बऱ्याच वेळानं वीरेंद्रच्या गळ्यातून शिटीसारखा आवाज निघाला.

"तू मले... सोडा म्हणलं होतंस." तो थांबला. "आज कंप्रेसरची हवा ओढायची जाळी खोलली. पांढरी धप्प. बोटानं चोळून पाह्यली, तं तेच."

"तेच म्हणजे?"

"गिरणीतली गारगोटी. चार वर्सं दळलन बाबानं, त्याच्या मांगं म्या. टीबी नोहता त्याले. ते भुकटी छातीत जाऊन बसली होती."

मनकर्णाबाई जागच्या जागी मटकन बसली. हिमांशूच्या हातातलं मुसळ खाली आलं.

"खोटं," तो म्हणाला. "तुले कोणं सांगतलं?"

वीरेंद्रनं उत्तर द्यायला दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा श्वास पुरला.

"डॉक्टरनं. माह्या छातीचा फोटो पाहून."