डबी लागत नाही

श्रीरंगच्या कानामागच्या खाचेत मृदुलाने वायर खोचली, पण डबीचा दिवा हिरवा झाला नाही. आजारात त्याची स्मरणशक्ती गेल्यापासून त्याच्या साऱ्या आठवणी काडेपेटीएवढ्या त्या हार्ड डिस्कमध्ये होत्या. रोज सकाळी तो जागा होण्याआधीच ती लावायची, असा डबीवाल्या कंपनीचा नियम होता.

तिने कंपनीला फोन लावला.

"काकू, वायर बदलून बघितली?"

"बघितली. त्यांचं डोकं डबीला ओळखतच नाहीये."

"मग आज इलाज नाही, आधी काकांना जागं होऊ द्या आणि लगेच लावा. तेवढा वेळ ते तुम्हाला ओळखणार नाहीत, घाबरू नका."

श्रीरंगने डोळे उघडले. तिला बघून तो हसला आणि हळूच म्हणाला, "मृदे, किती वाळलीस गं!"

मृदुला गारठली. लग्नापासून तो तिला मृदेच म्हणायचा. डबी आली आणि तिची 'मृदुला' झाली, तीही पाहुण्याने हाक मारावी तशी. आजारात लकबी पुसल्या जातात, असं कंपनीने सांगितलं होतं. मग ही हाक आत्ता कुठून आली? ती डोक्यातच होती, तर इतके दिवस डबीतून बोलत कोण होतं?

"काकू, जागे झाले का?" फोनवरचा आवाज घाईला आला होता. "काही बोलले का? बोलले असतील तर लगेच डबी लावा."

मृदुलाने श्रीरंगच्या ओठांवर बोट ठेवलं.

"नाही रे बाबा," ती म्हणाली, "मला ओळखतच नाहीत."

आणि डबी तिने उशाजवळच्या तांब्यात बुडवली.