द्वारकेची वाळू

घर जवळ आल्यावर एका बांधकामासमोर हिलालने सायकल उभी केली आणि ढिगातली ओंजळभर वाळू उचलली. पिवळसर, गोरीगोमटी वाळू. बोटांनी खडे वेचले, विटेचा एक तुकडा फेकला, वाळू पिशवीत भरून गाठ मारली. झाली द्वारकेची.

द्वारका त्याने डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण गोडादऱ्याच्या गल्लीने त्याला नारळ फोडून, हार घालून द्वारकेलाच पाठवलं होतं. एकटा जाणार, सायकलवर जाणार, वाटेत तंबू टाकून झोपणार. तंबू गल्लीतल्याच बन्सीलालने डागी साड्या जोडून शिवला होता, त्यामुळे त्याच्यावर गुलाब होते आणि एका बाजूला मोर. कारखान्यात लाइट गेली, यंत्रमाग थांबले, की हिलालची बढाई सुरू व्हायची, "लोटूभाऊ गेला, मग माझ्याच पायाला काय मेंदी लागली आहे?"

लोटू त्याचा शेजारी. ऐन जवानीत तो एकटा सायकलवर द्वारकेला जाऊन आला होता. आला तेव्हा उन्हाने असा काळा पडला होता म्हणतात, की दारातला कुत्रासुद्धा आधी भुंकला आणि मग लाजला. सोबत त्याने द्वारकेच्या किनाऱ्यावरची बाटलीभर वाळू आणली. कलाबाईने, त्याच्या बायकोने, ती बाटली लाल फडक्यात गुंडाळून देवाजवळ ठेवली. तेव्हापासून गल्लीतल्या बाया एकादशीला त्या फडक्याला हात लावून जायच्या. आत काय आहे ते कुणी उघडून पाहिलं नाही. देवाची वस्तू कोण उघडतो?

यंदा लोटू वारला. हिलाल निघाला तेव्हा कलाबाईने अस्थींचा लहानसा गडू त्याच्या हातात दिला.

"ते जिथं गेले होते तिथंच सोडा यांना, भाऊ," ती म्हणाली.

तोवर बढाई होती. आता हँडलला लोटूभाऊ लटकत होते.

पहिल्या दिवशी जेमतेम किम गावापर्यंत हिलाल गेला. पुढे वारा असा समोरून आला की पायडल मारावं तशी सायकल मागे जायला लागली. गुडघे आधी कुरकुरले, मग बोलेनासे झाले. एका ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, "काका, लग्नाचा मंडप घेऊन कुठं?" तंबूवरचा मोर त्यालाही दिसला होता. हिलाल पुलाखाली बसून राहिला, मग मागे फिरला. पण हाराची फुलं अजून सुकली नव्हती, गल्लीत कोणत्या तोंडाने शिरणार? शहराला वळसा घालून तो पलीकडे डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि सुरूच्या झाडांत तंबू ठोकला.

तिथं टमाट्याची भजी खात त्याने सगळं सौराष्ट्र पालथं घातलं. घरी फोन केला की कधी राजकोट असायचं, कधी जामनगर. बायकोने, सुमनने, पुरावा मागितला तेव्हा किनाऱ्यावर पोरांना फिरवणाऱ्या उंटाशेजारी उभा राहून त्याने फोटो धाडला. गल्लीने त्या उंटाला हात जोडले. फोन ठेवला की मात्र तो भजी बाजूला सारायचा. गडू समोर असायचा.

शेवटी एका पहाटे भरती आल्यावर तो गुडघाभर पाण्यात गेला. "लोटूभाऊ," तो म्हणाला, "पाणी एकच आहे. इथून तुम्ही पुढे जा. मला काही जमलं नाही." गडू रिकामा केला आणि वर बघायचीही त्याला लाज वाटली. पायाची बोटं काळी झाली होती. डुमसची वाळू काळीशार. नखांत बसली, तंबूच्या गुलाबांत बसली. ही वाळू द्वारकेची म्हणून कोण घेईल? म्हणून ते बांधकाम.

गल्लीने त्याला वाजतगाजत आणलं. कलाबाईच्या ओट्यावर सगळे जमले. हिलालने पिशवी पुढे केली.

"दोन्ही वाळू एक करू," बन्सीलाल म्हणाला. "लोटूभाऊची आणि हिलालची."

"राहू द्या," कलाबाई म्हणाली. "ते फडकं सोडू नका."

पण बन्सीलालने बाटली उचलली होती. फडकं सुटलं. त्याने बूच काढून थोडी वाळू ताटात ओतली, शेजारी हिलालची ओतली. एक पिवळी होती, एक काळीशार.

"हाई काय शे, भो?" बन्सीलालने हिलालला विचारलं. "द्वारकेची वाळू तर काळी निघाली. तू ही कुठली उचलून आणली?"

हिलाल त्या काळ्या वाळूकडे बघत राहिला. अशीच वाळू त्याच्या नखांत अजून होती. ही डुमसची वाळू, एवढं बोलला असता तर त्याची सुटका झाली नसती, पण जोडीला लोटूभाऊ आला असता. त्याने मान वर केली. कलाबाई त्याच्याकडेच बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"लोटूभाऊची खरी आहे," तो म्हणाला. "माझी खोटी. मी डुमसलाच बसलो होतो."

कुणीतरी हसलं. कुणी उंटाची आठवण काढली. मग बन्सीलालचा आवाज चढला, "आणि अस्थी?"

"त्याही डुमसलाच."

मग कुणी हसलं नाही. एक म्हातारी थुंकली. सुमन पदर तोंडाला लावून घरात गेली. एकेक करून लोक उठले. बन्सीलालने जाता जाता सायकलवरचा तंबू सोडून काखोटीला मारला. हिलाल ताटासमोर तसाच बसला, बसायलाही लाजत.

कलाबाईने काळी वाळू कणकण गोळा करून बाटलीत भरली. बूच लावलं. फडकं गुंडाळून गाठ आवळली. मग त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून हळू आवाजात म्हणाली,

"बरं केलं, भाऊ. डुमसची वाट त्यांच्या पायाखालची होती."