आरिफनं लिनक्स टाकलं

अमरसिंहनं बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला आणि मुद्दाम वर बघितलं नाही. समोर गोलमध्ये आरिफ उभा होता. स्टेडियम नुसतं बोंबलत होतं. सामना बरोबरीत सुटला होता, बाकीच्यांच्या पेनल्टी मारून झाल्या होत्या. ही एक हुकली की चषक पलीकडच्या तालमीत जाणार होता. पण अमरसिंहच्या डोक्यात चषक नव्हता. दोस्तानं दगा दिला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दोस्त म्हणजे असातसा नाही. दोघं एकाच गल्लीत, चिमणाबाईच्या म्हशीशेजारी प्लॅस्टिकच्या बॉलनं खेळून वाढले. पुढे आरिफच्या अब्बांनी पलीकडच्या पेठेत घर घेतलं आणि आरिफ तिथल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर झाला. कोल्हापुरात माणूस एक वेळ सासुरवाडी विसरेल, तालीम विसरत नाही. तरी या दोघांची दोस्ती टिकली होती. अमरसिंहला तिचा भारी अभिमान होता.

घोळ केला तो अमरसिंहच्या तालमीतल्या लॅपटॉपनं. तो जुना डबा चालू करून माणूस चहा पिऊन आला तरी गोल गोल फिरतच असायचा. त्यातच अमरसिंहच्या सरावाचे व्हिडिओ होते. अमरसिंह पेनल्टी कायम डाव्या कोपऱ्यात मारतो, हे साऱ्या शहराला पाठ झालं होतं. म्हणून यंदा कोच हंबीरराव त्याला गावाबाहेर कळंब्याच्या माळावर नेऊन, कुणाला न सांगता, उजव्या कोपऱ्याचा सराव करून घेत होते. रोज मारायचं, रोज शूट करायचं, रोज बघायचं. उजवा कोपरा फायनलसाठी राखून ठेवला होता. पण लॅपटॉपवर व्हिडिओ असे अडकायचे, की पाय उचलायच्या आधीच बॉल जाळीत दिसायचा.

"विंडोज काढ आन् लिनक्स टाक," आरिफ म्हणाला होता. "फुकट हाय, हलकं हाय. जुन्या मशीनला तेच सोसतंय. फकस्त सगळी डिस्क पुसायला लागती. आतलं समदं आधी माझ्या हार्ड डिस्कवर काढून घेतो, मग परत घालतो."

अमरसिंहनं बिनघोर लॅपटॉप दिला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा तो नव्यासारखा पळत होता. एकही व्हिडिओ अडकेना. हंबीररावांना मात्र पडद्यावरचं काहीच ओळखू येईना.

"हे असलं काय केलंय? कुणी केलं?"

"आरिफनं."

"गोलकीपर आरिफनं?" हंबीरराव मटकन खाली बसले. "लेका, आपल्या हातानं घराची किल्ली दिलीस की!"

तोवर हे अमरसिंहच्या मनातही आलं नव्हतं. मग त्यानं व्हिडिओंवरच्या तारखा बघितल्या. सगळ्यांवर एकच तारीख. लॅपटॉप आरिफकडे होता त्या दिवसाची.

"कापी केलं की तारीख बदलतीच," आरिफ आपल्या दारात उभा राहून सांगत होता. "मी कशाला उघडून बघू?"

"फायनलला गोलमधी तूच हाईस म्हणून!"

आरिफचा चेहरा पडला. चोर सापडला की त्याचा चेहरा असाच पडतो, असं अमरसिंहला वाटलं. त्या दिवसापासून त्यानं आरिफचा फोन उचलला नाही. आज सामन्याआधी आरिफनं हात पुढे केला, तोही घेतला नाही. ज्याच्यासाठी तालमीतल्या पोरांची बोलणी खाल्ली, त्यानंच गळा कापला होता.

शिट्टी वाजली. अमरसिंहचा हिशेब पक्का होता. व्हिडिओ बघितलेला माणूस उजवीकडेच झेप घेणार. घे म्हणावं. कळंब्याच्या माळावरचा सगळा सराव त्यानं सोडून दिला, सगळा राग पायात आणला आणि बॉल डावीकडे हाणला, आपल्या जुन्या कोपऱ्यात.

आरिफनं त्याच बाजूला झेप घेतली. बॉल त्याच्या छातीशी होता.

पलीकडच्या पोरांनी मैदानात गुलाल उधळला. हंबीरराव कपाळावर हात मारून घेत होते. अमरसिंह जागेवरच खाली बसला. दगाबाजानं त्याला दोनदा ओळखलं होतं. आधी व्हिडिओतून, मग मनातून.

कुणाच्या तरी खांद्यावरून उतरून आरिफ त्याच्याकडे आला. केसात गुलाल होता, पण तोंडावर हसू नव्हतं.

"लॅपटॉप चालतोय न्हवं बरा?" त्यानं विचारलं.

अमरसिंहचं टाळकं सरकलं. तो उठला आणि त्यानं आरिफचा शर्ट धरला. "लाज वाटत न्हाय व्हय रं? मी बाजू बदलणार हे बी ओळखलंस तू!"

"कसली बाजू?"

"येड घेऊन पेडगावला जाऊ नगंस! व्हिडिओत समद्या पेनल्टी उजवीकडं मारल्यात मी. तरी आज डावीकडं कसा गेलास?"

"उजवीकडं? तू?" आरिफ त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं. "आरं, बारक्यापणापासनं डावीकडंच मारतोस की तू. उजवीकडं चिमणाबाईची म्हैस असायची न्हवं?"