पागोळ्यांखाली

गावच्या जुन्या चर्चच्या भिंतीला ओल येते म्हणून पाद्रीबाबांनी छपराला शिशाची पन्हळ बसवायला घेतली होती. सायलस शिडीवर चढला होता. हेस्टर खाली येऊन उभी राहिली.

"सायलसकाका, या खिडकीवर वीतभर जागा मोकळी सोडाल?"

"मग पन्हळ कशाला म्हणायचं, चाळण म्हण की."

ती हसली नाही. खिडकीखालच्या गवताकडे बघत राहिली. "बाप्तिस्म्याआधीच गेली हो माझी तान्ही. चर्चच्या छपरावरून ओघळतं, तेवढंच पवित्र पाणी तिला मिळतं."

सायलसची हातोडी थांबली. बाप्तिस्मा न झालेल्यांना दफनभूमीत जागा नसे, म्हणून अशी बाळं गाव गुपचूप इथेच, पागोळ्यांखाली पुरत आलं होतं.

रविवारी प्रार्थना संपवून सगळे बाहेर पडले तोच पाऊस आला. धुक्यातून खिडकीपाशी एक धार उतरली, पाळण्याच्या दोरीसारखी हलकेच झुलत. हेस्टर भान हरपून बघत होती.

"सायलस, पन्हळीत फट राहिली की रे," पाद्रीबाबा म्हणाले.

"शिसं कमी पडलं, बाबा."

"दोन ठिकाणी?"

हेस्टरने वळून पाहिलं. भिंतीच्या पार टोकाला दुसरी धार पडत होती, आणि टोपी हातात धरून सायलस त्या धारेखालच्या गवताकडे बघत होता.